डोस्कं आधी, पाइप मग

माझ्या उजव्या भुवईच्या वर, केस सुरू होतात तिथं, एक पांढरी रेघ आहे. चार टाक्यांची. अपघात म्हणावा असं काही घडलंच नव्हतं. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका गल्लीतून वीसच्या वेगानं चाललो होतो. समोर सायकलवरचं पोरगं अचानक वळलं, मी ब्रेक दाबला आणि त्याच क्षणी उजवं चाक खड्ड्यात गेलं. सीटबेल्ट लावलेला होता. गाडीला ओरखडाही उठला नाही, पोरगं सायकल हाणत निघून गेलं आणि मी शर्टाच्या बाहीनं डोळ्यात उतरणारं रक्त पुसत बसलो. कपाळ आपटलं होतं ते रोल केजच्या पाइपवर. जीव वाचावा म्हणून मीच पैसे मोजून बसवून घेतलेल्या पाइपवर.

गाडी १९९९ची मारुती एस्टीम. नव्वदीच्या उत्तरार्धात आणि पुढची काही वर्षं आपल्याकडच्या रॅलींमध्ये एस्टीमचा दबदबा होता. १२९८ सीसीचं हलकं, फिरायला उतावीळ इंजिन आणि पावणेनऊशे किलोंच्या आसपास वजन. कॉलेजात असताना नाशिकच्या रॅलीत धुळीचा लोट उडवत जाणारी एस्टीम पाहिली तेव्हापासून ती डोक्यात बसली होती. पुढं कमावता झालो आणि एक जुनी, बऱ्यापैकी निरोगी एस्टीम मिळाली. रोज कामावर न्यायची, रविवारी आईला घेऊन जोतिबाला जायचं आणि वर्षातून दोन-तीनदा मोकळ्या मैदानावरच्या मातीतल्या ऑटोक्रॉसमध्ये उतरवायची, असा बेत होता. तिन्ही कामांना एकच गाडी. सगळा गुंता या ‘एकच’मध्ये आहे, हे तेव्हा कळलं नव्हतं.

रोल केज म्हणजे गाडीच्या आत बसवलेला पोलादी नळ्यांचा सांगाडा. गाडी उलटली तर छत डोक्यावर येऊ नये, बाजूनं काही घुसलं तर माणूस बसलाय तेवढी जागा शिल्लक राहावी, यासाठी तो असतो. ही अक्कल मोटार शर्यतींना सुरुवातीपासून नव्हती. १९५२ साली अमेरिकेत डेटोनाच्या एका शर्यतीत टिम फ्लॉक पहिला आला आणि नंतर बाद ठरला, कारण त्याच्या गाडीतला रोल बार लाकडी निघाला. फॉर्म्युला वनमध्ये रोल बार सक्तीचा झाला तो १९६१ साली. आज एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक महासंघाच्या नियमांत केजच्या पाइपची जात, जाडी, वाक, सांधा, पाया, सगळं मिलिमीटरमध्ये लिहिलेलं आहे. मी ते नियम टाके घातल्यानंतर वाचले. आधी वाचायला हवे होते.

वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा खटकत राहिली. तिथला प्रत्येक नियम धरूनच चालतो की आत बसलेल्या माणसाच्या डोक्यावर हेल्मेट आहे, तो न हलणाऱ्या बकेट सीटमध्ये आहे आणि खांद्यांवरून आलेल्या पट्ट्यांनी सीटला पाठ लावून आवळलेला आहे. तसं असेल तर कपाळाजवळचा पाइप हा मित्र आहे. रस्त्यावरच्या माणसाचं डोकं उघडं असतं, सीट मऊ असते आणि तीन टोकांचा बेल्ट त्याला पुढं-बाजूला बराच हलू देतो. त्याच्या कवटीपासून चार इंचांवर पोलादाची नळी उभी करणं म्हणजे प्रत्येक खड्ड्याला एक हातोडा देऊन ठेवणं आहे. हे मी रागानं लिहितोय, कारण मोटारीच्या शौकीन पोरांच्या गाड्यांमध्ये असे पाइप मी आजही बघतो. काळेभोर चकचकीत, आणि मधे मोकळी फट सोडून उभे.

टाके निघाले त्या आठवड्यात गाडी शिवाजी उद्यमनगरात नेली. कोल्हापूरच्या या भागात फाउंड्रीपासून लेथपर्यंत लोखंडाचं होणार नाही असं काम नाही. तिथले एक मिस्त्री, साठीला आलेले, रॅलीच्या जिप्सींची कामं करून हात बसलेला. त्यांनी दार उघडलं, खाली वाकून केजकडे पाहिलं आणि आधी काही बोलले नाहीत. खिशातून एक छोटा गोल आरसा काढला, दंतवैद्य दात बघायला वापरतात तसा, लांब दांडीचा. छत आणि पाइप यांच्या सांध्यात तो सरकवला आणि मला म्हणाले, “बघा.”

सांध्याच्या खालच्या बाजूला वेल्डिंगचा सुरेख मणी ओढलेला होता. वरच्या बाजूला काहीच नव्हतं. नुसती फट, तिच्यात रंग भरलेला. केज बसवणाऱ्यानं पाइप आधी छताला चिकटवून उभे केले होते, मग वरून वेल्डिंगचा टॉर्च जायला जागाच उरली नाही, आणि जे दिसत नाही ते सोडून दिलं. आठपैकी सहा सांधे असे अर्धे होते.

केज बनवण्यातला सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. पाइप छताला जितका जवळ तितका चांगला, पण जितका जवळ तितकी वरची शिवण अशक्य. जाणते कारागीर यातून युक्तीनं वाट काढतात. पाय जिथं टेकणार तिथं फरशीच्या पत्र्याला भोकं पाडायची, सगळा सांगाडा त्या भोकांतून वीतभर खाली सोडायचा, छतापासून मोकळ्या झालेल्या सांध्यांना चौफेर वेल्डिंग करायचं, मग सांगाडा वर उचलून भोकांवर पोलादी पाट्या जोडायच्या आणि पाय त्यांवर बसवायचे. यात दोन-तीन दिवस जादा जातात, आणि गिऱ्हाइकाला त्यातलं काहीच दिसत नाही. माझ्या पहिल्या केजमध्ये नेमके तेच दिवस वाचवले होते.

मग ग्राइंडर आला. पुढच्या काचेवर आणि दारांच्या काचांवर ओली गोणपाटं टाकली, कारण ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुतून बसतात आणि ते ठिपके मग जन्मात जात नाहीत. बॅटरीची वायर सोडली, आग विझवायचं सिलिंडर दाराशी ठेवलं. जुना केज तुकड्यातुकड्यांनी बाहेर आला. एका तुकड्याचं कापलेलं तोंड मिस्त्रींनी कानसीनं साफ केलं आणि बोटानं आतली बाजू चाचपायला लावली. एक बारीक उंच रेघ बोटाला लागली. पट्टी गोल वळवून शिवलेल्या पाइपची ती शिवण. पाइप पाण्याच्या लाइनचा होता, सव्वा इंची, बी क्लास, जस्त चढवलेला.

पहिला केज बसवणाऱ्या गॅरेजवाल्यानं मला बी क्लास असल्याचं कौतुकानं सांगितलं होतं. जाडी सव्वातीन मिलिमीटर, म्हणजे भक्कम, असं मलाही वाटलं होतं. पण पाण्याचा पाइप पाण्याचा दाब सोसायला बनवतात, आडवा आघात सोसायला नाही. मीटरला तीन किलोंवर वजन भरतं. जस्तावर वेल्डिंग केलं की सांध्यात बुडबुडे राहतात, आणि त्याचा पांढरा धूर छातीत गेला की वेल्डरला रात्री थंडी वाजून ताप भरतो. शिवाय हा पाइप प्लंबरच्या हायड्रॉलिक बेंडरवर वाकवला होता. वाकावर व्हर्नियर लावला तर एका बाजूनं ४२ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूनं ३५. एफआयएचा नियम सांगतो की वाकात लहान माप मोठ्या मापाच्या नव्वद टक्क्यांखाली जाता कामा नये. इथं ते त्र्याऐंशी भरलं. गाडी उलटली असती तर हा केज नेमका त्या चपट्या वाकात दुमडला असता.

नवा केज कसा करायचा याचा आराखडा मी कागदावर काढून नेला होता. मिस्त्रींनी तो बाजूला ठेवला. “डोस्कं कुठं कुठं जातंय ते आधी बघूया. पाइप मग बघू.”

त्यांनी मला गाडीत माझ्या नेहमीच्या जागी बसवलं, बेल्ट लावायला सांगितलं. डोक्याला जुनं जाड धोतर मुंडाशासारखं गुंडाळलं आणि त्यावर ओला गेरू फासला. मग हाताखालच्या पोराला मागं बसवून माझे खांदे धरायला लावले आणि स्वतः बाहेरून मला ओढायला लागले. पुढं, उजवीकडं, तिरकं, मागं. बेल्ट देईल तेवढं. जिथं जिथं डोकं टेकलं तिथं तिथं गेरूचा ठसा उठला. दाराच्या वरची कड. पुढचा खांब, वरचा अर्धा भाग. बाजूची काच. सूर्यप्रकाशाच्या आड येणारी ती घडीची पट्टी. खरी धडक हातापेक्षा कितीतरी जोरानं ओढते, म्हणून प्रत्येक ठशाभोवती चार बोटं वाढवून त्यांनी खडूनं रेघ मारली. मी उतरून पाहिलं तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूचा अर्धा भाग गेरूनं रंगला होता. माझ्या आराखड्यातला पुढचा उजवा पाय आणि त्याला जोडलेला काचेवरचा आडवा पाइप, दोन्ही त्या लाल भागात येत होते.

“ह्यात न्हाई पाइप घालायचा,” ते म्हणाले. तिथं निर्णय झाला. पुढचं काही नाही. पुढच्या सीटांच्या मागं एक मुख्य कमान, तिला मागं ताण देणारे दोन सरळ पाइप, एक कर्ण आणि खांद्याच्या पट्ट्यांसाठी एक आडवा. चार पायांचा अर्धा केज.

यानं काय मिळत नाही तेही सांगायला हवं. दारावर काही धडकलं तर अर्धा केज फारसा उपयोगी नाही. २००५ साली वेल्सच्या रॅलीत मायकल पार्क या सहचालकाच्या दारावर झाड आलं आणि तो गेला, आणि ती गाडी तर पूर्ण केजची, जागतिक दर्जाची होती. माझी स्पर्धा मोकळ्या मैदानात, एका वेळी एक गाडी, घड्याळाविरुद्ध. झाड नाही, दुसरी गाडी नाही. तिथला खरा धोका एकच, माती चाकाला अडवते आणि गाडी कुशीवर जाते. जंगलातल्या रॅलीत उतरणाऱ्यानं पूर्ण केज घालावा, नियमांप्रमाणे वेल्डिंग करून घालावा, आणि ती गाडी मग बाजारहाटाला वापरू नये.

पाइप मुंबईहून आणला. सी. पी. टँक-खेतवाडीच्या बाजारात सीमलेस पाइपच्या दुकानांच्या रांगा आहेत, पण मिस्त्रींची ताकीद होती की टीसीशिवाय पाइप उचलायचा नाही. टीसी म्हणजे कारखान्याचं टेस्ट सर्टिफिकेट. आपल्याला हवा होता थंड ओढलेला, बिनजोड, साधा कार्बन स्टील पाइप, ताणशक्ती किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. कमानीला ४५ मिलिमीटर व्यासाचा, अडीच मिलिमीटर जाडीचा. बाकीला ३८ व्यासाचा, तेवढ्याच जाडीचा. पाइप थंड ओढताना पोलादाला जी ताकद येते ती तापवलं की उतरते. म्हणून वाळू भरून भट्टीत लाल करून वाकवायची जुनी पद्धत इथं चालत नाही. पोटात मँड्रेल घालून थंडच वाकवायचा, आणि वाकाची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या निदान तिप्पट ठेवायची.

कमानीचा फर्मा दोन सुती सळीचा केला. सळी हातानं वाकवत वाकवत बी-पिलरच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबाच्या, आतल्या अंगाला अशी बसवली की प्लास्टिकच्या आवरणात आणि तिच्यात जेमतेम दोन सूत फट. गाडीच्या बाजू वर जाताना आत कललेल्या असतात, त्यामुळं सरळ उभी कमान छतापाशी बसते आणि खांद्यापाशी अर्धा फूट आत येते. माझ्या पहिल्या केजचं तेच झालं होतं. ओळंबा सोडून दोन्ही बाजू मोजल्या तर डाव्या-उजव्यात पाच मिलिमीटरचा फरक निघाला. पंचवीस वर्षांच्या गाडीत कुठंतरी कधीतरी डेंटिंग झालेलं असणारच. फर्मा मग डावा-उजवा वेगळा केला.

पहिली कमान फसली. वाकवून सोडल्यावर पाइप दोनेक अंश परत उघडतो, त्याचा अंदाज एका वाकाला चुकला आणि कमान खाली नऊ मिलिमीटर रुंद आली. मी म्हटलं, चेन लावून ओढली तर बसेल. मिस्त्रींनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुढचं बोललो नाही. ओढून बसवलेली कमान बोल्ट काढला की उडी मारते, आणि आमचा केज तर पुन्हा पुन्हा काढायचा-घालायचा होता. साडेतीन मीटरहून जास्त पाइप भंगारात गेला. दुसरी कमान एका हातानं जागेवर सरकली. आवरणाला बोट लावून वरपासून खालपर्यंत फिरवलं तर फट सगळीकडं सारखी. मला त्या फटीचा अजून आनंद होतो.

काढता-घालता का, तर कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकानं दिलेल्या मूळ वैशिष्ट्यांत बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते नि:संदिग्धपणे उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा घातली. मागची सीट काढली की आसनसंख्या बदलते आणि ती आरसीवर नोंदलेली असते. मला हा कायदा जाचक वाटत नाही. अर्ध्या वेल्डिंगचा, पाण्याच्या पाइपचा केज ज्यानं कपाळावर घेतलाय त्याला असं वाटणं साहजिक आहे. परदेशात विम्याला कळवून, तपासणी करून घेऊन केजची गाडी रस्त्यावर चालवता येते तशी सोय आपल्याकडं झाली तर स्वागत करीन. तोवर केज रस्त्यावर नाही.

म्हणून गाडीत कायम राहतात त्या फक्त पायाच्या पाट्या. एस्टीमच्या फरशीचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ, त्यावर थेट पाय टेकवला तर गाडी उलटताना कमान पत्रा फाडून खाली जाईल. प्रत्येक पायाखाली तीन मिलिमीटर जाडीची पाटी, क्षेत्रफळ किमान १२० चौरस सेंटिमीटर, म्हणजे पोस्टकार्डापेक्षा किंचित लहान. कोपरे गोल केलेले, कारण टोकदार कोपरा पत्र्याला चीर पाडतो. एक कड फरशीवर आणि दुसरी दाराच्या उंबऱ्याच्या उभ्या अंगावर चढवलेली, म्हणजे भार वाटला जातो. प्रत्येक पायाला तीन बोल्ट, एम-८, ८.८ ग्रेडचे. भोक पाडण्याआधी मिस्त्री दर वेळी खाली झोपून बॅटरीच्या उजेडात पेट्रोलची नळी आणि ब्रेकचा पाइप कुठून जातो ते बघत होते. बाराही वेळा. भोकांच्या कडांना प्रायमर, पाट्यांच्या भोवती सीलर. मग आषाढातल्या पावसात गाडी रात्रभर बाहेर उभी केली, आत फरशीवर वर्तमानपत्रं अंथरून. सकाळी कागद कोरडे होते.

केजच्या पाइपवर चढवायच्या फोमबद्दल एवढंच की एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा मऊ फोम केजला लावू नये. बोटानं दाबला तर आत पाइप लागतो, डोक्यालाही लागेल. स्पर्धेसाठीचा फोम कडक, जवळजवळ लाकडासारखा असतो. हाताला तो उगाचच कडक वाटतो, पण आघात तो शोषतो.

संपूर्ण केज काट्यावर २४ किलो भरला. एरवी तो गॅरेजच्या भिंतीवर खुंट्यांना टांगलेला असतो. गाडीत मागची सीट आहे, आई तिथं बसते, पायाखालच्या मॅटखाली चार पाट्या आहेत त्या तिला जाणवतही नाहीत. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी केज छोट्या हत्तीत घालून मैदानावर नेतो.

तिथं दोघांचं काम. मागची सीट आणि पुढची डावी सीट उतरवायची, डाव्या दारातून कमान तिरकी घालायची, आत गेल्यावर उभी करायची. पहिल्यांदा हे घरी करून पाहिलं होतं, पुठ्ठ्याची कमान करून, पोलाद वाकवण्याच्या आधी. मग मागचे ताण, कर्ण, आडवा पाइप. बारा बोल्ट आधी हातानं फिरतील तेवढे, सगळे लागल्यावर टॉर्क रेंचनं २५ न्यूटन मीटरला, समोरासमोरच्या पायांना आळीपाळीनं. खांद्याच्या पट्ट्या आडव्या पाइपला, जवळजवळ आडव्या जातील अशा. त्या खाली फरशीला बांधल्या तर धडकेत मणक्यावर दाबतात. पट्ट्या आणि केज बरोबरच वापरायचे, कारण पट्ट्या माणसाला ताठ बांधून ठेवतात आणि छत खाली आलं तर त्याला झुकता येत नाही. आणि त्या दिवशी हेल्मेट, गाडी सुरू करायच्या आधी.

गेल्या मोसमात शेवटच्या फेरीला गाडी एका वळणावर दोन चाकांवर गेली. क्षणभर डाव्या खिडकीत नुसती माती दिसत होती. मग ती परत चौपायी बसली, आणि मला आठवतं ते एवढंच की मागून काहीही खडखडलं नाही.

संध्याकाळी केज उतरवताना मिस्त्री आलेले होते. नायलॉक नट एकदा सुटला की त्याची पकड पहिल्यासारखी राहत नाही, म्हणून ते जुने पुन्हा लावत नाहीत. एकेक नट काढून पत्र्याच्या डब्यात टाकत होते आणि तोंडानं मोजत होते. अकरा झाले तेव्हा थांबले, मॅट उचलली, बॅटरी लावली. बारावा कमानीच्या उजव्या पायाशी, पाटीच्या कडेला घरंगळून पडला होता.

“बारा,” ते म्हणाले आणि डबा बंद केला.